खाजण, खार आणि शिलोत्री

इंग्रजीतील 'बॉग' हा शब्द गेलिक भाषेतून आला असून तेथे त्याचा मूळ अर्थ 'मऊ' असा आहे. पाय रुततो या अनुभवावरून त्या भूमीस नाव मिळाले. पेण व रोहे या तालुक्यांतील दलदलीस मात्र लोकांनी पायाने नव्हे, जिभेने ओळखले असे म्हणावे लागते. संस्कृत 'क्षार' प्राकृताच्या वाटेने 'खार' झाला आणि पेणकडील खारपाडा, रोह्याकडील यशवंतखार अशा ग्रामनामांत तो स्थिरावला.

'खाजण' व 'खार' हे शब्द कोशांतून जवळजवळ समानार्थी भासतात. व्यवहारात त्यांच्यामध्ये एक बांध उभा असतो. भरतीचे पाणी जेथे मोकळेपणी येते-जाते ते खाजण. तेच बाहेरकाठा घालून अडविले, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडले आणि काही पावसाळ्यांनी माती धुऊन निघाली, की तेथे भात पिकते व भूमी खार ठरते. गोमंतकात मात्र बांध घालून पिकविलेल्या भूमीसही खाजणच म्हणतात. शब्द तोच, परंतु तो बांधाच्या दुसऱ्या बाजूस गेला!

याहून महत्त्वाचा शब्द 'शिलोत्री' होय. पेण-नागोठणे भागात बांध राखण्याची हमी घेणारा तो शिलोत्रीदार. दुरुस्तीसाठी कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक धान्य घेतले जाई. म्हणजे येथे जमिनीचे नाव मातीच्या गुणावरून नव्हे, तर एका जबाबदारीवरून पडले. नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या हातून नेमके हेच निसटते. जबाबदारी घेणाऱ्याचा हक्क आणि चिखल उपसणाऱ्याचे श्रम यांतील अंतर किती ताणले जाऊ शकते, हे शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाने दाखविले.

१९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने, व पुढे १९७९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, बांधांचा प्रश्न शासनाच्या कक्षेत आला. 'शिलोत्री' हा शब्द त्यानंतर दप्तरांपुरता उरला. उधाण मात्र उरले. बाहेरकाठ्याला खांड पडून ती वेळीच बुजविली नाही, तर काही वर्षांतच खारीचे पुन्हा खाजण होते व त्यावर कांदळ उगवते. कांदळाच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. त्यामुळे अशी भूमी परत पिकाखाली आणणे दुष्कर झाले आहे. सातबाऱ्यावर ती कित्येकदा भातशेतीच असते.