चंद्रग्रहणाचे हौशी निरीक्षक

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, पण प्रत्येक पौर्णिमेला होत नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षांच्या छेदनबिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र त्यांपैकी एकाच्या जवळ असला, तरच तो सावलीत शिरतो. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीचा, म्हणजे प्रच्छायेचा, व्यास सुमारे ९,२०० किलोमीटर असतो. चंद्राच्या व्यासाच्या तो अडीचपटीहून अधिक आहे. चंद्र तासाभरात साधारण आपल्या बिंबाएवढे अंतर कापतो, म्हणून खग्रास स्थिती जास्तीत जास्त १०७ मिनिटे टिकू शकते.

खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी एका अरुंद पट्ट्यात जावे लागते. चंद्रग्रहण मात्र रात्र असलेल्या अर्ध्या पृथ्वीवरून एकाच क्षणी दिसते. त्यासाठी ना प्रवास लागतो, ना डोळ्यांना संरक्षण, ना मोठी दुर्बीण. लागते ते फक्त निरभ्र आकाश, आणि नेमके तेच कोणाच्या हाती नसते. या अडचणीवर एकच उपाय शतकानुशतके उपयोगी पडला: पुष्कळ ठिकाणी पुष्कळ निरीक्षक असणे. चंद्रग्रहणाच्या हौशी निरीक्षणाचा इतिहास हा बराचसा या उपायाचा इतिहास आहे.

भारतात ग्रहणाची कारणमीमांसा फार लवकर झाली. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो म्हणून चंद्रग्रहण होते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त सांगितले. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त, राहू नावाचा राक्षस चंद्राला गिळतो ही समजूत खोडून काढली. ‘सूर्यसिद्धान्ता’त तर चंद्रग्रहणाचा व्यावहारिक उपयोगही दिला आहे. गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील फरकावरून उज्जयिनीच्या रेषेपासून ते गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, म्हणजेच त्याचे देशांतर किती, हे काढता येते. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, पण प्रत्येक गावचा स्थानिक वेळ वेगळा असतो. एका तासाचा फरक म्हणजे १५ अंशांचे देशांतर.

गणित आणि आकाश यांचा मेळ बसतो की नाही, हे ताडून पाहणारे ज्योतिषीही होऊन गेले. केरळातील परमेश्वराने १३९३ ते १४३२ या काळात अनेक ग्रहणे पाहून त्यांच्या नोंदी ठेवल्या. हा सुमारे चाळीस वर्षांचा उद्योग होता. त्याच्या १४३१ च्या ग्रंथाचे नाव ‘दृग्गणित’, म्हणजे डोळ्यांना दिसते त्याच्याशी जुळणारे गणित. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हेही याच वृत्तीचे. केशवांनी १४९६ मध्ये ‘ग्रहकौतुक’ लिहिले. गणेशांनी १५२० मध्ये लिहिलेल्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-चापांचे अवघड गणित टाळून ग्रहस्थिती काढण्याच्या सोप्या रीती दिल्या. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातील पंचांगे त्याच आधारावर तयार होत राहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या पितापुत्रांच्या वेध घेण्याच्या वृत्तीची मुद्दाम दखल घेतली आहे.

पंचांगातले ग्रहण ही सामान्य माणसाला स्वतः तपासता येणारी गोष्ट होती. तिथी किंवा नक्षत्र चुकले, तर ते बहुतेकांच्या ध्यानातही येत नसे. ग्रहणाचा स्पर्श (आरंभ), संमीलन (खग्रास स्थितीचा आरंभ), मध्य, उन्मीलन (खग्रास स्थितीचा शेवट) आणि मोक्ष (ग्रहण सुटणे) यांच्या वेळा मात्र कोणीही अंगणात उभे राहून पडताळू शकत होता. एकोणिसाव्या शतकात जुन्या रीतीची गणिते आकाशाशी जुळेनाशी झाली. १८६० साली केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली आणि आधुनिक वेधांवर आधारलेले गणित मराठीत आले. त्यानंतर पंचांगशुद्धीचा वाद पेटला. त्या वादात दृक्प्रत्यय, म्हणजे प्रत्यक्ष पाहून पटणे, हाच शुद्ध पंचांगाचा पक्ष घेणाऱ्यांचा मुख्य आधार होता.

अनेक ठिकाणांहून एकच ग्रहण योजनापूर्वक पाहण्याचा मोठा प्रयत्न युरोपात २८ ऑगस्ट १६३५ रोजी झाला. त्याची आखणी निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क या फ्रेंच विद्वानाने केली. तो पेशाने न्यायाधिकारी होता आणि खगोलशास्त्र ही त्याची हौस होती. भूमध्य समुद्राच्या काठाने पसरलेल्या ओळखीच्या धर्मोपदेशकांना आणि व्यापाऱ्यांना त्याने ग्रहणाच्या वेळा कशा टिपायच्या हे पत्रांतून शिकवले. कैरो, अलेप्पो अशा दूरच्या शहरांतूनही नोंदी आल्या. त्या एकमेकींशी ताडल्यावर दिसून आले, की नकाशांत दाखवला जाणारा भूमध्य समुद्र खऱ्यापेक्षा सुमारे १,००० किलोमीटर जास्त लांब आहे. नाविकांना पिढ्यान्‌पिढ्या बुचकळ्यात पाडणारी चूक अशी एका रात्रीत उघडकीस आली. ‘सूर्यसिद्धान्ता’तील देशांतराचे तत्त्व आणि पेरेस्कची योजना यांच्या मुळाशी एकच विचार आहे. नवे होते ते अनेकांना एका कामात गुंफणे. निरीक्षणाची ठिकाणे विखुरलेली असली, की एखाद्या गावावर ढग आले तरी सगळे काम बुडत नाही.

पुढे देशांतर काढण्याच्या अधिक अचूक पद्धती आल्या आणि चंद्रग्रहणाचा तो उपयोग संपला. पण तोवर ग्रहणाने एक वेगळे कोडे पुढे ठेवले होते. भूमितीने काढलेल्या आकारापेक्षा पृथ्वीची सावली किंचित मोठी दिसते, हे फिलीप द ला हिर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या अठराव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आले. त्याच्या मते ही वाढ सुमारे १/४१ होती. वातावरणामुळे सावलीची कड पुसट होते आणि तिचा विस्तार वाढतो. ही वाढ नेमकी किती, हे मोजण्याचे काम हौशी निरीक्षकांनी उचलले.

त्याची रीत साधी आहे. सावलीची कड चंद्रावरच्या टायको, कोपर्निकस, केप्लर, अरिस्टार्कस, प्लेटो अशा ठळक विवरांवरून कधी सरकते, ते छोट्या दुर्बिणीतून पाहायचे आणि घड्याळ बिनचूक लावून ती वेळ टिपायची. ग्रहण सुटताना तीच विवरे सावलीतून बाहेर कधी येतात, तेही टिपायचे. सावलीची कड रेखीव नसल्याने एकट्याच्या नोंदीत चूक राहतेच, पण शेकडो नोंदींची सरासरी घेतली की ती पुष्कळ कमी होते. ढगाळ रात्रींसाठी तर ही रीत फार सोयीची आहे. पाच मिनिटे जरी आभाळ फाटले, तरी एक-दोन विवरांची वेळ हाती लागते आणि ती नोंद तेवढीच मोलाची ठरते. अर्धवट पाहिलेले ग्रहणही वाया जात नाही. डेव्हिड हेराल्ड आणि रॉजर सिनट यांनी १८४२ ते २०११ या काळातील ९४ चंद्रग्रहणांच्या २२,५३९ नोंदींचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. पृथ्वीभोवती सुमारे ८७ किलोमीटर उंचीपर्यंतचा थर सावली पाडतो असे धरले, तर या नोंदी जुळतात, असे त्यांना आढळले. देशोदेशींच्या हौशी माणसांनी पावणेदोनशे वर्षे थंडीवाऱ्यात जागून टिपलेल्या वेळांचे हे फळ आहे.

दुसरे काम रंगाचे. खग्रास स्थितीत चंद्र पूर्ण काळा होत नाही. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि चंद्र तांबूस दिसतो. मात्र हा तांबडेपणा दर ग्रहणाला वेगळा असतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ याने १९२१ मध्ये त्यासाठी ० ते ४ अशी श्रेणी सुचवली. जवळजवळ न दिसणाऱ्या चंद्राला ० आणि उजळ तांब्याच्या किंवा नारिंगी रंगाच्या चंद्राला ४. नुसत्या डोळ्यांनी ठरवता येणारी ही श्रेणी आजही वापरली जाते. चंद्राची तेजस्विता मोजण्यासाठी हौशी निरीक्षक आणखी एक युक्ती करतात. द्विनेत्री उलटी धरून चंद्र पाहिला की तो चांदणीएवढा लहान दिसतो. मग एखाद्या ठळक ताऱ्याशी त्याची तुलना करता येते.

या नोंदींमधून वातावरणाची हकीकत कळते. मोठ्या ज्वालामुखीची सूक्ष्म धूळ आणि आम्लाचे थेंब उंच वातावरणात पसरले, की ग्रहणातला चंद्र अतिशय काळवंडतो. १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला आणि ऑक्टोबर १८८४ चे ग्रहण गडद झाले. बाली बेटावरचा आगुंग १९६३ मध्ये जागा झाला. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरच्या ग्रहणात चंद्र शोधणेही कठीण गेले. पिनातुबोच्या १९९१ च्या उद्रेकानंतर डिसेंबर १९९२ मध्ये हाच अनुभव आला. ५ मे १११० च्या ग्रहणात चंद्र पूर्ण दिसेनासा झाल्याची नोंद इंग्लंडच्या एका मठाच्या बखरीत आहे, आणि आजचे अभ्यासक त्या काळातील ज्वालामुखींचा काळ ठरवताना तिचा आधार घेतात. लिहून ठेवलेले एक साधे वाक्य नऊशे वर्षांनी उपयोगी पडते. या कामात ढगांचा धोका मात्र अधिक असतो. आकाशात पातळ अभ्रे असली, तर चंद्र आहे त्यापेक्षा मंद दिसतो आणि श्रेणी चुकते. म्हणून आकाशाची स्थिती नोंदीत लिहिणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रात हौशी निरीक्षणाला संस्थेचे रूप आले ते पुण्यात. २२ ऑगस्ट १९४४ रोजी तेथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींच्या देशातील सर्वांत जुन्या संस्थांमध्ये तिची गणना होते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद सुरू झाली. १९७७ मध्ये मुंबईत नेहरू तारांगण उभे राहिले. हॅलेच्या धूमकेतूच्या आगमनाने आकाशाविषयी मोठे कुतूहल जागे झाले होते, त्या काळात, १९८५ मध्ये, मुंबईत खगोल मंडळ स्थापन झाले. वांगणी येथील त्याच्या रात्रभराच्या आकाशदर्शन कार्यक्रमांतून हजारो लोकांना आकाशाची ओळख झाली.

या संस्थांनी ग्रहणाची रात्र लोकांसाठी खुली केली. गावोगावी ग्रहणाचे वेध पाळणे, न जेवणे, गर्भवतीला घरात बसवून ठेवणे या चाली होत्या. ग्रहणात ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी रस्त्यावर ऐकू येई. दुर्बिणीपाशी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला सावलीची गोल कड स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, की भीतीला जागा राहत नाही. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा म्हणून ॲरिस्टॉटलने याच कडेचा दाखला दिला होता.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकांची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. एका ग्रहणानंतर १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तसेच ग्रहण पुन्हा येते. या आवर्तनाला सॅरोस म्हणतात. १६ जुलै २००० चे ग्रहण जवळजवळ कमाल मर्यादेइतके, म्हणजे १०६ मिनिटांहून अधिक काळ खग्रास होते. सॅरोसनुसार त्याच मालिकेतले पुढचे ग्रहण २७ जुलै २०१८ च्या रात्री आले. खग्रास स्थिती १०३ मिनिटांची, एकविसाव्या शतकातील सर्वांत दीर्घ. भारतात चंद्र मध्यरात्री १ ते २ वाजून ४३ मिनिटांपर्यंत पूर्ण सावलीत होता आणि शेजारी प्रतियुतीतला तेजस्वी मंगळ होता. ही दोन्ही ग्रहणे गुरुपौर्णिमेची, म्हणजे ऐन आषाढातली. सूर्यापासून पृथ्वी सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी. त्या सुमारास तिची सावली अधिक रुंद असते. त्यामुळे फार दीर्घ ग्रहणे याच दिवसांत पडतात आणि नेमका तेव्हाच कोकण आणि घाटमाथा ढगांखाली असतो. अशा वेळी काही निरीक्षक पर्जन्यछायेतल्या पठाराकडे सरकतात, काही जागेवरच ढगांच्या फटीची वाट पाहतात. ७ सप्टेंबर २०२५ चे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाचे ८२ मिनिटांचे खग्रास ग्रहणही पाऊस संपण्याच्या आधीच आले.

छायाचित्रणाचे आणि थेट प्रक्षेपणाचे युग आले, तरी विखुरलेल्या निरीक्षकांचे महत्त्व कमी झालेले नाही. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात खग्रास स्थिती लागताच चंद्रावर एक अशनी आदळली आणि क्षणभर ठिपका चमकला. स्पेनमधील शास्त्रज्ञांच्या दुर्बिणींनी तो टिपला आणि ठिकठिकाणच्या हौशी चित्रणांतही तो सापडला. एकाच्या चित्रणातला ठिपका कॅमेऱ्याचा दोष ठरू शकतो, पण अनेकांच्या चित्रणात तो एकाच क्षणी आणि एकाच जागी दिसला, तर शंका उरत नाही.

६ जुलै २०२८ च्या रात्रीचे खंडग्रास ग्रहण महाराष्ट्रात पुन्हा पावसाळ्यात येईल. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री मात्र ७१ मिनिटांचे खग्रास ग्रहण इथून आरंभापासून मोक्षापर्यंत दिसेल, आणि ते दिवस निरभ्र आकाशाचे असतात. त्या रात्री प्रत्येक गावात एक तरी माणूस वही आणि बिनचूक घड्याळ घेऊन अंगणात उभा राहावा. विवरांच्या वेळा, चंद्राचा रंग आणि आकाशाची स्थिती एवढे लिहिले, तरी या जुन्या कामात त्या गावाची भर पडेल.