उमेदीच्या गाण्यामागचा आवाज

३१ डिसेंबरची रात्र जपानी माणूस शक्यतो घरात, कुटुंबासोबत आणि दूरचित्रवाणीसमोर घालवतो. १९५१ साली एनएचकेच्या रेडिओवर सुरू झालेला 'कोहाकू उता गास्सेन' हा गाण्यांचा सामना या रात्री होतो. गायिकांचा लाल संघ, गायकांचा पांढरा. इथे गायला बोलावणे येणे म्हणजे देशाने तुम्हाला गायक मानणे. २००९ सालच्या साठाव्या सामन्यात लाल संघातून नाना मिझुकी ही एकोणतीस वर्षांची गायिका उभी राहिली. तिची ओळख 'सेइयू' अशी होती, म्हणजे अ‍ॅनिमेतल्या, रेखाटलेल्या पात्रांना आवाज देणारी नटी. सेइयू म्हणून नाव मिळवलेल्या गायिकेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

तिने 'शिन-आइ' हे स्वतःच लिहिलेले गाणे गायले. मिझुकी शिकोकू बेटावरच्या निइहामा गावची. वडील दातांच्या कवळ्या तयार करणारे तंत्रज्ञ. मुलीने 'एन्का' गावे, म्हणजे जपानचे ते जुन्या वळणाचे, कंठात हुंदका ठेवून गायचे गाणे गावे, ही त्यांची इच्छा होती, आणि तिचा रियाज त्यांनी लहानपणापासून करून घेतला होता. २००८ साली ते वारले. मुलगी कोहाकूच्या मंचावर पोहोचली तेव्हा ते पाहायला नव्हते. पुढे २०११ साली तिने आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावही 'शिन-आइ' असेच ठेवले.

मिझुकीची बहुतेक गाणी ऐकणाऱ्याला उठवून उभे करणारी आहेत. अशा गाण्याला जपानीत 'ओएन्का' म्हणतात. मूळ अर्थ खेळाच्या मैदानावर आपल्या संघाला चेव आणणारे गाणे. पण आता परीक्षेला, नोकरीला, प्रेमभंगाला सामोरे जाणाऱ्या कुणालाही धीर देणारे गाणे ओएन्काच. अशी गाणी लिहिणारे आणि गाणारे जपानमध्ये उदंड आहेत. त्यातला मोठा वाटा रेखाटलेल्या मुलींच्या आड उभ्या असलेल्या बायकांनी का उचलावा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ओएन्काचा वंश युद्धानंतरच्या राखेपर्यंत नेता येतो. जपान शरण गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९४५ मध्ये, 'सोयोकाझे' नावाचा चित्रपट आला. त्यातले सफरचंदाचे गाणे, 'रिंगो नो उता', उपाशी आणि बेघर लोकांच्या तोंडी बसले. ते मिचिको नामिकी हिने गायले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये टोकियोवर झालेल्या बॉम्बवर्षावात तिची आई मेली होती. गाणे आणखी उजळ, आणखी आनंदी हवे म्हणून संगीतकार तिला पुन्हा पुन्हा गायला लावत होता, असे सांगतात. दुसऱ्याला उमेद देणारीचे स्वतःचे काय चालले आहे हे गाण्यात कळता कामा नये, ही अट अशी पहिल्यापासूनच आहे.

सेइयूचा तर धंदाच न दिसण्याचा. हा पेशा रेडिओनाट्यातून आला आणि दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकात परदेशी मालिकांना जपानी आवाज देण्याच्या कामावर वाढला. रंगभूमीवर पोट न भरणारे नट-नट्या ते काम करीत. १९६३ साली ओसामु तेझुकाची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका सुरू झाली, त्यातल्या यंत्रमानव मुलाचा आवाज मारी शिमिझु या बाईचा होता. मुलग्यांचे आवाज बायकांनी द्यायचे हा रिवाज तिथे पक्का झाला. आपल्या घरातली मुले हिंदीतून ज्याला ओळखतात तो डोरेमॉन मूळ जपानीत १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा या बाईंच्या घोगऱ्या आवाजात बोलत होता, आणि नोबिताही नोरिको ओहारा या बाईच होत्या. मुलगा फुटत्या आवाजाचा होतो. बाईचा आवाज पंचवीस वर्षे टिकतो. कारण इतके व्यवहारी आहे.

पात्राचा आवाज आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र या काळात सहसा वेगवेगळा असे. शीर्षकगीत गायला वेगळे गायक किंवा मुलांचे गायनवृंद येत. ही भिंत ठळकपणे पडली ती १९८२ च्या 'माक्रोस' या मालिकेत. त्यात लिन मिनमे नावाची एक चिनी खानावळीतली मुलगी गायिका होते, आणि तिच्या गाण्याने परग्रहावरच्या राक्षसी फौजा बावचळतात, कारण त्यांना युद्धाखेरीज काहीच ठाऊक नसते. मिनमेला आवाज दिला मारी इइजिमा या पियानो शिकलेल्या, स्वतः गाणी रचणाऱ्या तरुणीने. १९८४ च्या चित्रपटात युद्ध थांबवणारे गाणे सापडते ते प्राचीन लोकांचे. शेवटी कळते की त्यात मंत्र नव्हता, रहस्य नव्हते. ते कुठल्याशा शहरात एके काळी गाजलेले साधे प्रेमगीत होते. आणि ते गाणारी मिनमे त्याच वेळी प्रेमात हरलेली असते. तिला गायचे नसते, तरी ती गाते. नामिकीची गोष्ट माहीत असणाऱ्याला हा प्रसंग नुसता कार्टूनचा वाटणार नाही.

ते गाणे खूप गाजले आणि इइजिमाला मिनमेने झाकून टाकले. तिने स्वतःच्या नावाने किती रेकॉर्ड काढल्या, तरी लोकांना मिनमेच हवी होती. पुढे ती लॉस एंजेलिसला राहायला गेली. गंमत अशी की २००६ साली मालिकेचे नवे इंग्रजी डबिंग झाले, तेव्हा मिनमेसाठी पुन्हा तीच माइकसमोर उभी राहिली.

आपल्याला ही भानगड नवी नाही. १९४९ च्या 'महल'मधले लतादीदींचे गाजलेले गाणे पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचे नाव. ही कोण गाते, असे श्रोत्यांनी रेडिओला विचारल्यावर खरे नाव पुढे आले. आपल्याकडे पुढची दहा वर्षे पार्श्वगायकाचे नाव आणि हक्क यांच्यासाठीच्या झगड्यात गेली. जपानमध्ये मात्र साठ वर्षांनी कामिनीची तबकडी मुद्दाम, आणि राजीखुशीने परत आणली गेली. २००९ च्या 'के-ऑन!' मालिकेत शाळकरी मुलींचा एक बँड आहे, नाव 'होकागो टी टाइम', म्हणजे शाळा सुटल्यानंतरची चहाची वेळ. त्यांचा छोटा अल्बम त्याच नावाने निघाला आणि ओरिकॉनच्या विक्रीयादीत पहिला आला. अ‍ॅनिमेतल्या काल्पनिक पात्रांच्या नावाचा अल्बम अव्वल ठरण्याची ती पहिलीच वेळ. पात्राचे नाव आधी आणि कंसात सेइयूचे, अशी अशा गीतांच्या वेष्टनावरची पद्धत. कोहाकूत मिझुकी स्वतःच्या नावाने गायली त्याच डिसेंबरात योकोहामाच्या सभागृहात 'के-ऑन!'च्या सेइयू गिटार-ढोल घेऊन पात्रांच्या नावाने उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या.

मधल्या काळातली सर्वांत मोठी व्यक्ती म्हणजे मेगुमी हायाशिबारा. माझ्या मते ओएन्का आणि सेइयू यांचा खरा सांधा तिनेच जुळवला. जन्म १९६७, टोकियोचा. परिचारिकेचे शिक्षण आणि आवाजाच्या शाळेतले वर्ग तिने एकाच वेळी केले, आणि परिचारिकेची परीक्षाही पास झाली. १९९१ साली तिचा पहिला अल्बम आला. पुष्कळ गाण्यांचे शब्द तिने 'मेगुमी' या नावाने स्वतः लिहिले. शिवाय १९९२ पासून 'टोकियो बूगी नाइट' हा तिचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. श्रोते पत्रे पाठवीत, ती वाचून उत्तरे देई.

तो काळ आठवला पाहिजे. जमिनी आणि शेअर यांच्या फुगवलेल्या भावांचा फुगा नव्वदीच्या आरंभी फुटला. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना कायमची नोकरी मिळेनाशी झाली; त्या वर्षांना जपानी लोक नोकऱ्यांचे हिमयुग म्हणतात. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांहून अधिक माणसे गेली. दोन महिन्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला. त्याच वर्षी हायाशिबारा एकीकडे 'स्लेयर्स'मधली खादाड, तोंडाळ, कुणालाही न भिणारी जादूगार लीना झाली आणि दुसरीकडे 'एव्हांगेलिओन'मधली, जवळजवळ न बोलणारी रेइ. दोन्ही मुली एकाच गळ्यातल्या. १९९६ चे तिचे 'गिव्ह अ रीझन' हे 'स्लेयर्स'च्या पुढच्या मालिकेचे शीर्षकगीत म्हणजे या साऱ्या प्रकाराचा नमुना म्हणावा.

त्याचा बांधा पाहण्यासारखा आहे. दूरचित्रवाणीवर शीर्षकगीताला मिळतो दीड मिनिट. त्यात आधी 'ए-मेरो', म्हणजे खालच्या पट्टीत शंका, दमणूक. मग 'बी-मेरो', जिथे सूर ताणला जातो. आणि मग 'साबी'. साबी म्हणजे आपले ध्रुपदच, पण आपण ध्रुपदाने सुरुवात करतो आणि हे लोक तिथे चढून जातात. पूर्ण गाण्यात शेवटचे साबी कित्येकदा अर्ध्या किंवा एका स्वराने वर सरकते. गळा तुटतो की काय असे वाटेपर्यंत गायिका वर जाते. गाण्याचा दिलासा शब्दांइतकाच या चढणीत असतो. दर आठवड्याला ठरावीक वेळी लागणारी ही दीड मिनिटे म्हणजे नोकरी शोधून परतलेल्या एकट्या मुलाच्या खोलीत कुणीतरी दर आठवड्याला येऊन 'चल, ऊठ' म्हणण्यासारखे. आणि म्हणणारी ओळखीची असते, कारण गाणे संपल्यावर पुढची वीस मिनिटे तीच बोलत राहते. चेहरा विकणाऱ्या गायिकेला हे जमत नाही. माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे.

यानंतर मैदाने मोठी होत गेली. १९९७ मध्ये हेकिरू शीना ही सेइयू बुदोकान सभागृहात एकटी गायली. सोळाव्या वर्षी 'एस्काफ्लोने'ची नायिका आणि तिचे शीर्षकगीत एकदमच मिळालेल्या माया साकामोतोने २०१० मध्ये आपला तिसावा वाढदिवस त्याच बुदोकानमध्ये साजरा केला. मिझुकी २०११ मध्ये टोकियो डोमला पोहोचली. पुढे 'लव्ह लाइव्ह!' या मालिकेतल्या नऊ जणींनी तोच डोम दोन दिवस भरवला. त्या मालिकेची कथा हसण्यावारी नेऊ नये: पटसंख्या घटल्यामुळे बंद पडणारी शाळा वाचवायला मुली गायला लागतात. जपानमध्ये मुले जन्मत नाहीत म्हणून दर वर्षी शेकडो शाळा खरोखरच बंद होतात. नुमाझूच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या पुढच्या मालिकेत तर इतके गाऊनही शाळा वाचत नाही. मुली तरी गातात. ओएन्का एवढी प्रामाणिक क्वचितच झाली असेल.

पडद्याआड हिशेब वेगळा आहे. १९७३ साली सेइयूंनी संप करून, मोर्चा काढून मोबदला वाढवून घेतला होता. तरीही नवख्या सेइयूला अर्ध्या तासाच्या भागाचे बरीच वर्षे मिळत १५,००० येन, मग वाक्य एक असो की शंभर. बहुतेक जण सुटे काम करणारे, म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या विक्रीकराच्या नव्या पावती-पद्धतीला त्यांनी उघड विरोध केला. पुढच्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेने परवानगीशिवाय केलेल्या आवाजाच्या नकलांविरुद्ध नामवंत सेइयू चित्रफितींतून बोलले. चेहरा लपवून जगणाऱ्यांकडे मालमत्ता म्हणून आवाज तेवढा असतो.

हायाशिबाराने मात्र मैदानांच्या या शर्यतीत भाग घेतला नाही. रेकॉर्ड खपत होत्या, रेडिओ चालू होता, पण ती एकटीचा जाहीर कार्यक्रम करीत नसे. तिचा पहिला एकल कार्यक्रम झाला २०१७ साली, पन्नाशी गाठल्यावर. पहिल्या अल्बमला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. रेडिओला पत्रे पाठवणारी ती हिमयुगातली मुले आता चाळिशीत होती, आणि त्या संध्याकाळी कार्यक्रमाला नाव दिले होते: 'आनाता नि आइ नि किते', तुला भेटायला येऊन.