पगारदारांची प्राप्तिकर-वजावट : पावतीकडून प्रमाणाकडे

भारतातील प्राप्तिकराचा इतिहास बहुधा दरांच्या चढउताराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः उत्पन्न मिळविण्यासाठी झालेला कोणता खर्च त्यातून वजा व्हावा, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. १८५७ च्या उठावाने रित्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हा कर येथे प्रथम बसविला. १८८६ आणि १९२२ च्या अधिनियमांनी त्यास स्थैर्य दिले. तथापि बुद्धिजीवी वर्गातील दोन गटांस कायद्याने कसे वागविले, हे १९६१ च्या अधिनियमावरून विशेष स्पष्ट होते.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वकिलाचा वा डॉक्टरचा खर्च ‘सर्वस्वी व केवळ’ व्यवसायासाठी झाला असला, म्हणजे कलम ३७ अन्वये तो सामान्यतः वजा होई. पगारदाराच्या बाबतीत कलम १६ ने आणखी एक अट घातली : तो खर्च ‘आवश्यक’ही असला पाहिजे, आणि नोकरीच्या शर्तींनुसार तो पगारातून करणे त्यास भाग असले पाहिजे. कर्तव्यास लागणाऱ्या पुस्तकांसाठी मात्र वर्षाला ५०० रुपयांपर्यंत वजावट स्वतंत्रपणे मान्य होती. प्राध्यापकवर्गास ही तरतूद उपयुक्त होती. परंतु तिचा लाभ खर्चाची नोंद ठेवून मागणी करणाऱ्यासच मिळे. जो पावती जपत नसे, त्याचा हक्क कागदावरच राही.

१९७४ च्या वित्त अधिनियमाने ही रचना पालटली. पुस्तके, वाहन आणि कर्तव्यार्थ खर्च यांच्या स्वतंत्र वजावटींच्या जागी प्रमाणित वजावट आली : पगाराच्या पहिल्या १०,००० रुपयांवर २० टक्के, उरलेल्या रकमेवर १० टक्के, आणि कमाल मर्यादा ३,५०० रुपये. वार्षिक १२,००० रुपये पगार असलेल्या अध्यापकास एकही पावती न दाखविता २,२०० रुपयांची वजावट मिळू लागली. विस्मरणाने हक्क बुडण्याचा प्रश्न मिटला. मात्र ग्रंथसंग्रह करणारा आणि न करणारा यांतील भेदही त्याबरोबरच पुसला गेला.

ही सवलत कायम टिकली नाही. २००५ च्या वित्त अधिनियमाने ती रद्द झाली. २०१८ मध्ये ती ४०,००० रुपयांच्या रूपाने परत आली. परंतु त्याच वेळी १९,२०० रुपयांचा करमुक्त प्रवासभत्ता आणि १५,००० रुपयांपर्यंतची करमुक्त वैद्यकीय प्रतिपूर्ती सर्वसाधारण पगारदारांसाठी बंद झाली. या दोन्ही सवलती पूर्णपणे घेणाऱ्यास प्रत्यक्ष वाढ अवघी ५,८०० रुपयांची झाली.

यावरून असे दिसते, की दुर्लक्षित वजावटींचा दोष केवळ करदात्याच्या अनास्थेवर टाकता येत नाही. पुराव्याचा भार कोणावर ठेवावयाचा, हे कायदाच ठरवितो. आणि कोणता हक्क वापरला जाईल व कोणता विस्मृतीत जाईल, हेही बहुतांशी तेथेच ठरते.