टांग्यापासून एसटीपर्यंत : प्रवासाचा हक्क अर्ध्या वाटेवर

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याकडील एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतताना चाळीसगावला उतरले. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता, म्हणजे ही आपल्याच मुलखातली गोष्ट. स्टेशनवरचा टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. कधीही टांगा न हाकलेल्या वस्तीतल्या माणसाने लगाम धरला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. याला नुसता अपघात कसे म्हणायचे? वाहन नाकारले की सुरक्षितताही नाकारली जाते.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने सार्वजनिक वाहन नाकारणे गुन्हा ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

पण कायदा बसचे दार उघडतो, बस पाड्यापर्यंत आणत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जिथे एसटी पोहोचत नाही, तिथे खच्चून भरलेल्या जीपलाच लटकावे लागते. २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. बसच नसेल तर सवलत कुणाला? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सुगम प्रवास सांगतो. उंच पायरी कोण उतरवणार?

टांगेवाल्याने तोंडावर नकार दिला होता. न येणारी बस काहीच न बोलता नाकारते, म्हणून गुन्हेगार सापडत नाही. मित्रांनो, ग्रामसभेत फेरीचा ठराव करा, आगारप्रमुखाकडून लेखी उत्तर मागा. एसटी ही मेहेरबानी नाही, नागरिकत्वाचा हक्क आहे.

जय भीम!