क्लोम

न शमणाऱ्या तहानेचा दोष क्लोम या अवयवाला देण्यास आयुर्वेदाचार्य चरकाचा आधार आहे. उदकवह स्रोतसांचे, म्हणजे शरीरात पाणी वाहून नेणाऱ्या मार्गांचे, मूळ चरक टाळू आणि क्लोम यांत मानतो. सुश्रुत जागाही सांगतो : हृदयाच्या खाली, उजवीकडे, यकृताच्या सोबत. तरीही हा अवयव कोणता, यावर एकमत नाही. स्वादुपिंड, पित्ताशय, श्वासनलिका, उजवे फुप्फुस अशी उत्तरे अभ्यासकांनी दिली आहेत. मधुमेहात तहान वाढते, म्हणून स्वादुपिंडाचा तर्क पटकन पटतो. पण स्वादुपिंड जठरामागे आडवे असते आणि त्याचे टोक डावीकडे थेट प्लीहेपाशी पोचते. जागेच्या दृष्टीने मला पित्ताशय अधिक जवळचे वाटते. मात्र त्याचा तहानेशी मेळ बसत नाही.

चिनी वैद्यकातही असाच जुना वाद आहे, तो 'सानजिआव' या तीन भागांच्या अवयवाचा. 'नानजिंग' या प्राचीन ग्रंथाच्या मते त्याला नाव आहे, आकार नाही. पुढच्या काही वैद्यांनी मात्र त्याला चरबीचा पडदा किंवा धडाची संपूर्ण पोकळी मानले. दोन्ही वाद एकाच मापाने मोजू नयेत. सुश्रुत प्रेत गवतात गुंडाळून ७ रात्री वाहत्या पाण्यात ठेवायला आणि मग त्वचेचे थर हळूहळू घासून आतले अवयव डोळ्यांनी पाहायला सांगतो. त्याच्या यादीतला क्लोम निव्वळ कल्पनेतला असेल, हे मला पटत नाही.