ट्रकचालकाची निवृत्ती : मंदीचा काळ, वय आणि हक्काची पुंजी

सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख सेवेच्या पहिल्या दिवशीच निश्चित झालेली असते. ट्रकचालकाला ती स्वतः ठरवावी लागते, आणि बहुधा भाडी मंदावल्यावरच तो विचार सुरू होतो. मात्र प्रत्येक मंदी सारखी नसते. मध्य प्रदेशातील मोहगावचा परिसर आणि गोव्याचा खाणपट्टा यांची उदाहरणे हा फरक स्पष्ट करतात.

हंगामी मंदी

मोहगाव हे सौंसर तालुक्यातील गाव. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. हा मराठीभाषक भाग मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये सौंसर व पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. नागपूरला लागून असलेला हा संत्र्यांचा पट्टा आहे. आंबिया बहाराचे फळ साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात जाते. त्या महिन्यांत ट्रकला मागणी असते. उन्हाळा संपता संपता ती ओसरते आणि परतीचे भाडे मिळणेही कठीण होते. ही मंदी दरवर्षी येते व जाते. तिच्यावरून व्यवसाय सोडण्याचा निर्णय घेणे योग्य नव्हे; हंगामातील कमाईतून रिकाम्या महिन्यांची तजवीज करणे, हाच तिच्यावरचा उपाय.

न ओसरणारी मंदी

दुसऱ्या प्रकारची मंदी धोरणातून किंवा बाजाराच्या बदलातून येते. बांगलादेशाने गेल्या काही वर्षांत संत्र्यांवरील आयातशुल्क वाढवत नेल्याने या पट्ट्यातील मालाची एक मोठी बाजारपेठ आकसली. केंद्राने जुलै 2018 मध्ये मालवाहनांची भारमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टन झाले. तेवढाच माल नेण्यास आता कमी फेऱ्या पुरतात.

या मंदीचे सर्वांत कठोर रूप गोव्याने पाहिले. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत उत्खननास परवानगी दिली. परंतु 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. पुढे खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, पण जुने प्रमाण परतले नाही. मधल्या वर्षांत वाहनही जुने झाले आणि चालकाचे वयही वाढले.

कायदा काय सांगतो

व्यावसायिक वाहन चालवण्यास मोटार वाहन कायद्यात कमाल वयोमर्यादा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालवाहतुकीचा परवाना 5 वर्षांसाठी मिळतो. पूर्वी ही मुदत 3 वर्षे होती. नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, रक्तदाब, मधुमेह व झोपेच्या तक्रारी यांची प्रामाणिक तपासणी हाच निवृत्तीचा पहिला निकष मानावा. नूतनीकरणाचा दिवस त्यासाठी सोयीचा.

वाहनालाही वय असते. नव्या मालवाहू वाहनाची योग्यता तपासणी पहिली 8 वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. मालक-चालकाने डिझेल, टोल, हप्ता, विमा व दुरुस्ती वजा जाता वर्षाच्या शेवटी काय उरते, ते मांडून पाहावे. सलग दोन-तीन वर्षे स्वतःची मजुरीही सुटत नसेल, तर ट्रक चालू स्थितीत असतानाच विकणे हिताचे. उभ्या ट्रकची किंमत लवकर उतरते.

निवृत्तीनंतरचा आधार

पगारी चालकाने आधी भविष्यनिर्वाह निधीचे खाते तपासावे. या निधीशी जोडलेल्या 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान 10 वर्षांची सेवा झाली असल्यास 58 व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. 50 व्या वर्षानंतर ते आधी घेता येते. मात्र अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते. नऊ वर्षे भरलेल्या चालकाने आणखी एक वर्ष थांबावे की नाही, याचे उत्तर या नियमातच आहे. मालक बदलला तरी खाते क्रमांक एकच ठेवून सेवाकाळ जोडून घ्यावा.

तथापि बहुसंख्य चालक एकदोन ट्रकच्या मालकांकडे काम करतात आणि या योजनेबाहेर राहतात. अटल पेन्शन योजना व श्रमयोगी मानधन योजना यांत प्रवेशाचे वय 18 ते 40 आहे. म्हणजे निवृत्तीचा विचार सुचतो तेव्हा हे दार बंद झालेले असते. गोव्यात साठीनंतर पात्र नागरिकांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा आधार आहे. पण पन्नाशीत ट्रक सोडणाऱ्याला मधली दहा वर्षे स्वतःच्या बचतीवर काढावी लागतात.

म्हणून निवृत्ती पन्नाशीत ठरत असली, तरी तिची तयारी चाळिशीच्या आतच व्हावी लागते. घरातील तरुण मुलगा आज स्टिअरिंगवर बसत असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन खाते याच वर्षी उघडावे.