सुगरणीचा खोपा, नराची वीण

१९३० साली सालिम अली जर्मनीतील पक्षिशास्त्राचा अभ्यास संपवून मुंबईस परतले, तेव्हा हाताशी नोकरी नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बेकारीतल्या सवडीचे त्यांनी सोने केले. तिथे त्यांना दिसले ते असे : खोपा विणतो तो नर, मादी अर्धवट खोपा पारखते, पसंत पडला तरच त्यात नांदते, मग नर दुसरा खोपा आरंभतो.

आपल्या भाषेने मात्र या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि बहिणाबाईंनी त्याच खोप्यात आईची माया पाहिली. त्यामुळे कविता खोटी ठरत नाही. अंडी उबवण्याचा आणि पिलांना भरवण्याचा भार मुख्यतः मादीच वाहते. तरीही ही कविता शिकवताना एकदा वर्गाच्या खिडकीबाहेर पाहावे, एवढे किहीमचे ऋण आपल्यावर आहेच.